कटाच्या पातेल्यावरचं झाकण

आमचं हॉटेल कोल्हापुरात आहे, नऊ टेबलांचं, सकाळी मिसळ आणि दुपारी-रात्री थाळी. सासऱ्यांनी चालू केलेलं. ते गेल्यापासून मिस्टर बाहेरचं बघतात म्हणजे बाजार, उधारी, बँक, आणि आतलं सगळं माझ्याकडं, म्हणजे किचन, पोरं, भाकरीच्या मावशी आणि आमचे वस्ताद, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. मामा सासऱ्यांच्या वेळेपासूनचे, मिसळीची चव म्हणजे त्यांचा हात, त्यामुळं हॉटेलातला गॅस आणि वीज कशी वाचवली हे पुढं जे लिहितेय त्यात त्यांच्याशी माझं बरंच वाजलं तरी मनात कुठं राग नाही हे आधीच सांगून ठेवते.

गॅसचा हिशोब मी पहिल्यांदा नीट मांडला तो २०२२ च्या मे महिन्यात. १९ किलोचा कमर्शियल सिलेंडर तेव्हा २३०० च्या घरात गेला होता. त्याच्या आधीच्या दिवाळीला तो दोन हजाराच्या आसपास आला तेव्हाच पोटात गोळा आला होता, पण लॉकडाऊननंतर धंदा नुकता कुठं रुळावर येत होता म्हणून कुणी बोललं नाही. आम्हाला महिन्याला २७-२८ सिलेंडर लागायचे म्हणजे साठ-पासष्ट हजार रुपये नुसता गॅस, भाड्यापेक्षा जास्त, आणि मिसळीचा दर वाढवावा तर पाच रुपये वाढवले तरी रोजचं गिऱ्हाईक चार दिवस समोरच्या गाड्यावर जाऊन बसतं. मिस्टर म्हणाले एक पोरगं कमी करूया. मला ते पटेना, कारण गॅस महाग झाला त्यात त्या पोराचा काय दोष.

मग मी सुरुवात केली ती भिंतीवरच्या कॅलेंडरपासून. नवा सिलेंडर लागला की त्या तारखेच्या चौकोनात वेळ लिहायची, बस. पहिल्या पंधरा दिवसांतच एक गोष्ट दिसली, गिऱ्हाईक कमी असलेल्या सोमवारी आणि गर्दीच्या रविवारी गॅस जवळजवळ तेवढाच जात होता. रविवारी दीडपट मिसळ विकली जाते, मग गॅस दीडपट का लागत नाही? याचा अर्थ सरळ होता, आम्ही गॅस गिऱ्हाइकासाठी जाळतच नव्हतो, किचन चालू आहे म्हणून जाळत होतो.

दुसरं मी केलं ते रिकामे सिलेंडर काट्यावर ठेवले. कांदे-बटाट्याचा मोठा काटा आहे आमच्याकडं. सिलेंडरच्या वरच्या कड्यावर त्याचं रिकामं वजन लिहिलेलं असतं, ते आणि काट्यावरचं वजन ताडून बघायचं. आठ सिलेंडर मोजले, एकही पूर्ण रिकामा नव्हता, कुणात एक किलो, कुणात पावणेदोन. म्हणजे प्रत्येक सिलेंडरमागं दीड किलोच्या आसपास गॅस आम्ही पैसे देऊन घेत होतो आणि तसाच परत पाठवत होतो. आधी वाटलं फसवणूक असेल म्हणून भरलेलेही मोजले, तर ते बरोबर निघाले. चूक आमच्या जोडणीची होती. पाच भट्ट्या एकाच सिलेंडरवर ओढत होत्या, आणि आतल्या पातळ गॅसची वाफ व्हायची तर त्याला उष्णता लागते, ती तो सिलेंडरच्या पत्र्यातून ओढून घेतो, म्हणून खालून सिलेंडर बर्फासारखा गार पडतो, बाहेरून दव धरतं, प्रेशर उतरतं, ज्योत बारीक होते आणि पोरगं ओरडतं, संपला, बदला. थंडीत तर हे जास्तच. काही ठिकाणी सिलेंडरवर गरम पाणी ओततात नाहीतर तो आडवा करतात, कृपा करून असलं काही करू नका, आडव्या सिलेंडरमधून पातळ गॅस नळीत येतो आणि भडका होतो. आम्ही फिटरला बोलावून दोन-दोनची जोडी करून घेतली, दोन सिलेंडर एकत्र चालू, दोन राखीव. ओढ वाटली गेली की प्रत्येक सिलेंडर निवांत रिकामा होतो. नंतर मोजले तर आत पाव-अर्धा किलो राहिलेला असायचा. एवढ्यावरच महिन्याचा दीड-पावणेदोन सिलेंडर वाचला आणि कुणाची कसलीही सवय बदलावी लागली नाही. सगळ्यात सोपी बचत ती हीच, पुढचं सगळं माणसांशी बोलून झालं.

आता कटाचं सांगते, कारण खरा गॅस तिथं होता.

मिसळीचा कट, म्हणजे मिसळीवर ओततात तो पातळ झणझणीत रस्सा, हा आमच्या धंद्याचा जीव. ४० लिटरचं जर्मनचं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, पहाटे साडेपाचला मामा कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि मसाला परतायला घेतात, साडेसहाला कट तयार, सातला पहिलं गिऱ्हाईक, आणि मग ते पातेलं दुपारी बारापर्यंत भट्टीवर रटरटत असतं, उघडं. झाकण नाहीच. वर वाफेचा खांब, वाफ जाते हूडमध्ये, हूडमधून बाहेर. कट आटला की मामा शेजारच्या बादलीतून पाणी घालतात, परत मीठ-मसाला बघतात, परत उकळी. वर्षानुवर्षं असंच.

आमच्याकडं एक गिऱ्हाईक आहेत, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मेल्टिंगला असतात. रात्रपाळी करून सकाळी साडेसातला मिसळ खाऊन घरी जातात, त्यांची ठरलेली जागा किचनच्या खिडकीसमोर. एकदा पैसे देताना म्हणाले, "वैनी, आमच्यात फर्नेसचं झाकण पाच मिनिटं जास्त उघडं राहिलं तर सुपरवायझर अंगावर येतोय, तुमचं पातेलं सकाळपास्नं उघडंच हाय की." मी म्हटलं अहो कट आहे तो, लोखंड नाही. तर ते म्हणाले, "उष्णतेला काय कळतंय लोखंड हाय का कट." एवढं बोलून गेले पण माझ्या डोक्यात ते वाक्य बसलं.

त्या दिवशी मी बादलीतून कटात किती पाणी घातलं जातं ते मोजलं. मामांना सांगितलं नाही, पोराला सांगितलं प्रत्येक तांब्याची रेघ मार. सात ते बारा या वेळेत १६ लिटर पाणी गेलं. मिसळीबरोबर जो कट वाढला त्याची भरपाई वेगळी, ती तयार कटातून होते, हे १६ लिटर नुसतं हवेत गेलेलं. संध्याकाळी पुतणीला विचारलं, ती तेव्हा दहावीला होती, तिनं विज्ञानाचं पुस्तक काढलं आणि अप्रकट उष्म्याचा धडा दाखवला. एक लिटर पाणी २५ अंशावरून १०० वर न्यायला ७५ किलोकॅलरी लागतात, आणि तेच १०० अंशाचं पाणी वाफ करून उडवायला ५४०. सातपट! आणि उकळी फुटल्यावर ज्योत कितीही मोठी करा, पाणी १०० च्या वर तापत नाही, वाफ तेवढी जास्त होते. मी ते दोनदा वाचलं. इतकी वर्षं किचनमध्ये काढली पण मला खरंच वाटायचं की रटरटणारा कट हा मंद कटापेक्षा जास्त गरम असतो.

मग दोघी हिशोबाला बसलो. १६ गुणिले ५४० म्हणजे साडेआठ हजाराच्या वर किलोकॅलरी. एक किलो गॅसमध्ये साधारण ११,००० असतात, पण भट्टीवर त्यातल्या निम्म्याही भांड्याला लागत नाहीत, बाकी कडेनं निघून जातात, आम्ही ४० टक्के धरले. म्हणजे रोज सकाळी दोन किलो गॅस फक्त पाण्याची वाफ करून कोल्हापूरच्या हवेत सोडायला. महिन्याचे तीन सिलेंडर. मला त्या रात्री झोप नीट लागली नाही, खोटं नाही सांगत, कारण तीन सिलेंडर म्हणजे सात हजार रुपये आणि आम्ही पोराचा पगार कापायचं बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मामांना सांगितलं, झाकण ठेवूया. मामा म्हणाले, "वैनी, झाकण टाकलं की कट मरतोय. तर्री दिसाय पायजे मला." मी हट्ट केला आणि मोठी ताटली पातेल्यावर ठेवली, ज्योत मात्र होती तेवढीच राहिली, ती कमी करायची माझ्या लक्षातच आलं नाही. पाच-सात मिनिटांत कट उतू गेला, भट्टीवर पडला आणि ज्योत विझली. गर्दीची वेळ, कुणाचं लक्ष नाही, गॅस तसाच सुटतोय आणि शेजारच्या भट्टीवर बटाटेवड्याचं तेल तापलेलं. मावशींना वास आला, त्या ओरडल्या, मामांनी आधी मेन व्हॉल्व्ह बंद केला, मग बाकीच्या भट्ट्या, पोरांनी दारं उघडली. काही झालं नाही. पण माझे हातपाय अर्धा तास थरथरत होते. गॅस वाचवायला निघाले होते आणि सगळ्या किचनचा जीव धोक्यात घातला होता. मामा त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी कामावर आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही.

मी त्यांच्या घरी गेले. माफी मागितली, चहा झाला, मग मी विचारलं, मामा, कट मरतो म्हणजे नक्की काय होतं ते मला समजावून सांगा. आणि बोलता बोलता जे कळलं ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. मामांना कट बघावा लागतो कारण जोरात रटरटला की वरचा तेलाचा थर फुटतो, तेल कटात मिसळतं, लाल रंग जाऊन तो विटकरी पडतो, आणि मग ते वरून परत तर्री सोडतात. म्हणजे जादा तेलही जातच होतं! मी म्हटलं मामा, मग रटरटूच नाही दिला तर? नुसता गरम राहील, उकळी फुटणारच नाही एवढ्या ज्योतीवर? तर्री अख्खी राहील, आणि तेलाचा तो थर म्हणजेच अर्धं झाकण, खालची वाफ तो वर येऊ देत नाही. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बघूया एक दिस. चव बिघडली तर माझं मी करणार."

एक दिवस बघितलं, मग आठवडाभर. मामांनीच सुधारणा केली, ४० लिटरचं पातेलं तयार झालं की खालून बंद करून झाकून ठेवायचं आणि त्यातला दहा लिटर कट वेगळ्या पातेल्यात काढून वाढायच्या खिडकीपाशी छोट्या शेगडीवर मंद ठेवायचा, तो संपत आला की मोठ्यातून घ्यायचा. मोठं पातेलं झाकलेलं असलं की तासाभरात फार गार होत नाही, तरी मी एक थर्मामीटर आणला आणि ६५ अंशाच्या खाली कट येऊ द्यायचा नाही असं ठरवलं, खाली आला तर मोठी भट्टी पाच मिनिटं लावायची. हे महत्त्वाचं आहे, गॅस वाचवायच्या नादात अन्न कोमट ठेवलं तर ते नासतं आणि लोकांची पोटं बिघडतात.

झाकणाचं काम उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपवाल्यानं करून दिलं. माप घेऊन स्टीलचं गोल झाकण, मधोमध बिजागरी, म्हणजे अर्धं उघडून पळी आत जाते आणि हात सोडला की आपोआप पडतं, कडेला दोन बोटांची फट, वाफ कोंडून उतू जाऊ नये म्हणून. मूठ लाकडाची. एकच सांगितलं होतं आणि त्यानं हौसेनं तीन करून दिली, तिन्ही मापाची. आता सकाळी बादलीतून तीन-चार लिटरच्या वर पाणी घालावं लागत नाही, आणि मामांचं वरून तर्री सोडणं जवळजवळ बंद झालं.

भट्ट्यांचं काम त्यानंतर हातात घेतलं. ज्योत पिवळी, पातेल्यांचे बुडखे काळेकुट्ट, घासणारी मावशी रोज वैतागलेली. पिवळी ज्योत म्हणजे गॅसला पुरेशी हवा मिळत नाही, तो अर्धवट जळतो आणि काजळी धरते, हे मला माहीत होतं पण त्याचं कारण भट्टीच्या आत होतं. कधीतरी जेट, म्हणजे गॅस येतो ते बारीक भोकाचं तोंड, चोंदला म्हणून कुणीतरी त्यात तार घालून घालून भोकच मोठं करून ठेवलं होतं. पाचातल्या तीन जेटचं असं झालेलं. फिटरनं मापाचे नवे जेट टाकले, बर्नरची भोकं ब्रशनं मोकळी केली, हवेच्या खिडक्या चिकट्यानं बुजल्या होत्या त्या खरवडल्या. जेट म्हणजे शे-दोनशे रुपयांची वस्तू. ज्योत निळी झाली, छोटी झाली आणि तरी पाणी आधी उकळायला लागलं, पोरांना ते खरंच वाटेना.

अजून एक म्हणजे मोठ्या भट्टीवर छोटं भांडं. दोन लिटरचं चहाचं पातेलं भल्यामोठ्या भट्टीवर, ज्योत चारी बाजूंनी वर आलेली, पातेल्याचे कान चटका बसेल एवढे तापलेले. ज्योत पातेल्याच्या बुडाच्या बाहेर आली की ती पातेलं नाही, किचन तापवते. चहाला वेगळी छोटी शेगडी दिली. आणि भट्टीच्या चाव्या दोन-तीन वेढे फिरतात, त्यावर कमी-जास्त काही लिहिलेलं नसतं, म्हणून पोरं एकतर पूर्ण उघडायची नाहीतर बंद. मी घरून लाल नेलपॉलिश आणलं आणि प्रत्येक चावीवर व शेजारी पाइपवर खुणा केल्या, इथं आली की फोडणी, इथं आली की शिजवणं, इथं आली की नुसतं गरम. दर दोन महिन्यांनी पुसटतं, परत लावते.

मधे एक चूक झाली, पाच हजाराची. एका प्रदर्शनात गॅसच्या पाइपला बसवायचं लोहचुंबकाचं यंत्र घेतलं, तीस टक्के बचत असं सांगून विकत होते. महिनाभर लावलं, कॅलेंडरवर काडीचाही फरक नाही. कॅलेंडर नसतं तर कदाचित मीही चार लोकांना फरक पडतो म्हणून सांगितलं असतं, एवढा विश्वास त्या विकणाऱ्याच्या बोलण्यात होता. अशी वस्तू कुणी विकायला आलं तर त्याला म्हणा आधी महिनाभर लावून जा, सिलेंडर मोजतो आणि मग पैसे देतो.

भाकरीच्या मावशींना काही सांगावं लागलं नाही. दोघीही गावाकडं चुलीवर स्वयंपाक करून वाढलेल्या, डोक्यावरून जळण आणलेल्या. तवा तापला की ज्योत उतरवायची, शेवटच्या तीन भाकरी तव्याच्या उरलेल्या तापावर काढायच्या, पीठ मळायच्या आधी तवा चढवायचा नाही, हे त्या आधीपासूनच करत होत्या आणि आमच्यापैकी कुणाच्या ते कधी लक्षात आलं नव्हतं. डाळ तासभर भिजवून लावायची हेही मावशींचंच. तूरडाळ भिजवून मोठ्या कुकरला लावली की दोन शिट्ट्या कमी लागतात. भात शिजत आला की पाच मिनिटं आधी बंद करून झाकून ठेवायचा, आतल्या वाफेवर तो फुलतो. हे घरी प्रत्येक बाई करते, हॉटेलात आलं की विसरतं.

इंडक्शन पण करून बघितलं. चहासाठी साडेतीन किलोवॅटची कमर्शियल शेगडी आणली. चहा झटकन होतो आणि आजूबाजूला गरम होत नाही हे अगदी खरं. पण आमची सगळी पातेली जर्मनची, ती इंडक्शनवर चालत नाहीत, नवी स्टीलची जाड बुडाची घ्यायची तर खर्च, शिवाय वीज कमर्शियल दरानं आणि मंजूर लोड वाढवावा लागला असता. ज्यांचं किचन नवीन बांधायचंय त्यांनी जरूर विचार करावा, एसी किचन असेल तर दुहेरी फायदा. आमच्या जुन्या किचनला ते बसलं नाही, विकून टाकलं.

विजेचं बिल महिन्याला ११५० युनिटच्या आसपास यायचं. तिथंही मी आधी फिरून कान दिला, काय काय घरघरतंय ते. डीप फ्रीजर भट्टीपासून चार फुटांवर होता, त्याची मागची जाळी तेल आणि मसाल्याच्या धुळीनं गादीसारखी भरलेली, कंप्रेसर थांबायचाच नाही. भट्टी एकीकडून तापवणार आणि फ्रीजर शेजारी बसून गार करणार, दोघांचे पैसे आम्ही भरणार! तो उचलून मागच्या कोठीत नेला, जाळी साफ केली. फ्रीजच्या दाराचं रबर बघायला एक सोपी रीत मेकॅनिकनं दाखवली, दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढायची, सहज निघाली तर रबर गेलं. दोन फ्रीजचे तीन कोपरे गेलेले निघाले. नवी रबरं घातली. हॉलमधले सहा जुने पंखे एकेक ७५ वॅटचे, त्याऐवजी बीएलडीसी लावले, ते तीसेक वॅटमध्ये चालतात, दिवसाला चौदा तास धरले तर महिन्याला शंभराच्या वर युनिट फक्त पंख्यांत वाचतात.

एक्झॉस्टचा ब्लोअर मात्र फौंड्रीवाल्या काकांमुळं कळला. एक एचपीची मोटर, सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत फुल्ल, मधे दुपारचे दोन-तीन तास काय तो बंद. ते म्हणाले ड्राइव्ह बसवा, स्पीड कमी-जास्त करता येतो, आणि पंख्याचं गणित असं की वीज स्पीडच्या घनात जाते. स्पीड ८० टक्के केला तर वीज जवळजवळ निम्मी. पुतणीनं लगेच करून दाखवलं, ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.५१. त्यांच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियननं ड्राइव्ह बसवून दिला. पहिल्या दिवशी आम्ही स्पीड फारच उतरवला आणि मामांनी कांदा-लसूण मसाला तेलात टाकला, ठसका असा उठला की हॉलमधली माणसं खोकत बाहेर गेली. आता तीन खुणा आहेत, फोडणीच्या वेळी फुल्ल, एरवी ८०, दुपारी भांडी चालू असताना ६०. हूडच्या जाळ्या दर सोमवारी गरम पाणी-सोड्यानं धुतो, चिकट्यानं बुजलेल्या जाळीतून ब्लोअर कितीही ओढू दे, धूर आतच फिरतो.

भांड्यांच्या गरम पाण्यासाठी गच्चीवर सोलर हीटर बसवला, २०० लिटरचा. ऑक्टोबर ते मे चांगला चालतो, पण कोल्हापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर त्याच्यावर भरवसा ठेवू नका, गीझर लागतोच. मिस्टर शिर्डीला जाऊन आले तेव्हा तिथल्या संस्थानच्या प्रसादालयावरच्या त्या मोठ्या सोलर डिशा बघून आले, ७३ डिशा, २००९ ला चालू झालेल्या, उन्हावर पाण्याची वाफ करून हजारो माणसांचा स्वयंपाक. त्यांना वाटलं आपणही छोटं काही करू. पण आमचा सगळ्यात जास्त गॅस पहाटे साडेपाच ते आठ जातो, तेव्हा ऊन कुठून आणायचं.

एक ठिकाण मी मामांसाठी तसंच सोडलंय. रात्रीच्या थाळीला तांबडा-पांढरा रस्सा असतो, त्याचं अळणी म्हणजे मटणाचं पाणी मामा उघड्या पातेल्यात मंद आचेवर तीन तास करतात. कुकरला पाऊण तासात होतं, आम्ही करून बघितलं, चव घेतली, आणि मीच सांगितलं की मामा, तुमचं बरोबर आहे, हे असंच राहू दे. कुकरच्या अळणीत ते खोलवरचं काहीतरी येत नाही. फक्त झाकण अर्धं ठेवतो आणि ज्योत तिसऱ्या खुणेवर.

या सगळ्याला दीड वर्ष लागलं. आता महिन्याला २० ते २१ सिलेंडर लागतात, गिऱ्हाईक तेवढंच किंबहुना थोडं जास्त. वीज ८५० च्या आसपास. पोरगं कामावर आहे, त्याचा पगार वाढवला, आणि पहिल्या वर्षी जेवढं वाचलं त्यातलं काही दिवाळीला किचनमध्ये सगळ्यांना सारखं वाटलं, मावशींना सुद्धा. पण मला सगळ्यात जास्त समाधान दुसऱ्याच गोष्टीचं आहे. मे महिन्यात दुपारी एक वाजता मामांच्या उभं राहायच्या जागी मी थर्मामीटर लावला होता, पहिल्या वर्षी ४२ दाखवायचा, आता ३७-३८. मामांच्या मानेवर उन्हाळ्यात दरवर्षी घामोळ्याचे चट्टे उठायचे, पावडर लावून काम करायचे. गेल्या दोन उन्हाळ्यांत ते उठले नाहीत. जो गॅस वाया जात होता तो हवेत नव्हता जात नुसता, त्यांच्या अंगावर जात होता, आणि ते कधी त्याबद्दल बोलले नाहीत, आम्ही कधी विचारलं नाही.

आज १८ तारीख आहे, तेरावा सिलेंडर काल रात्री लागला. गेल्या महिन्यात १८ ला बारावा चालू होता. मामांचं म्हणणं तिसऱ्या भट्टीची ज्योत परवापासून टोकाला पिवळी मारतेय, मी आत्ता जाऊन बघितली तर खरंच मारतेय. उद्या सकाळी गर्दी ओसरली की फिटर येतोय.